आक्कांचं पिंप आणि कोरडा ट्रॅप

"भाऊ, धुण्याच्या खोलीतून वास येऊलालाय. सडक्या अंड्यावानी."

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी आक्का दुकानाच्या पायरीवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि एवढंच बोलल्या. लातुरात माझं पाइप-फिटिंगचं आणि सॅनिटरीचं दुकान आहे. आक्का नात्यानं लांबच्या, पण राखी बांधतात, म्हणजे सख्ख्याच. औसा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. मी काही उठून बघायला गेलो नाही. गल्ल्यावर बसल्याबसल्या निदान करून मोकळा झालो की जिन्याखालची खोली आहे, कोंदटच असणार. सहा इंची एक्झॉस्ट फॅन दिला, बसवायला पोरगं पाठवलं आणि वर सांगितलं, "आठ दिवसांत वास गेला नाही तर पैसे परत."

आठ दिवसांनी फोन आला तो सूनबाईचा. "मामा, फॅन लावल्यापासून जास्तच झालंय. आधी खोलीत होता, आता स्वयंपाकघरात पण येतोय."

पैसे परत केले. पण दुकानात बसून तीस वर्षं लोकांना सल्ले देणाऱ्या माणसाला ही गोष्ट झोंबते. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय, त्यामागं ती झोंबणीच आहे.

खोली

साडेचार फूट रुंद, सात फूट लांब. वर जिन्याची उतरती पाठ, खाली शहाबादी फरशी. एका भिंतीला टॉप लोड मशीन, शेजारी दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप, कोपऱ्यात मळक्या कपड्यांची वेताची टोपली. वर तारेवर ओले पायपुसणे. एक वीतभर झरोका होता, तिथं आता माझा फॅन. दार स्वयंपाकघरात उघडतं. वास आत येऊ नये म्हणून सूनबाईनं दाराच्या खालच्या फटीत जुनी साडी गुंडाळून घट्ट कोंबली होती.

टोपलीत डांबराच्या गोळ्या होत्या, चांगल्या सात-आठ. दाराच्या चौकटीवर उदबत्तीचं घर, मशीनवर लॅव्हेंडर वासाची बाटली, त्याच्या बाजूला कापराची डबी. एवढं सगळं मिळून जो काही वास तयार झाला होता तो सांगायला माझ्याकडं शब्द नाही. देवळामागच्या गटारासारखा म्हणा.

गोळ्या मी पहिल्यांदा काढायला लावल्या. घरात सहा महिन्यांचं लेकरू, त्याची दुपटी-झबली त्याच टोपलीत. या गोळ्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात. काही लेकरांत जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मतःच कमतरता असते. त्यांचा नॅफ्थलीनशी संबंध आला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. आपल्या लेकरात ती कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. मग कशाला ठेवायच्या?

आता पिंपाबद्दल. मशीनच्या सांडपाण्याचा पाइप फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीत न सोडता आक्कांनी या पिंपात सोडलेला. त्या पाण्यानं संडास, अंगण, गाडी. हे सगळं २०१६ पासून. त्या उन्हाळ्यात लातूरची काय गत झाली होती ते बाहेरच्यांना वाचून माहीत आहे. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. आक्का तेव्हा हंडा घेऊन रात्री दोनला टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाई. त्यांच्यासमोर "पिंप फेकून द्या" म्हणणं म्हणजे देव्हारा हलवा म्हणण्यासारखं.

आणि सूनबाई नेमकं तेच म्हणत होती. दोघींत महिनाभर धुसफूस चाललेली. एकीचं म्हणणं पाणी वाया जाऊ देणार नाही, दुसरीचं म्हणणं लेकराच्या कपड्यांना वास येतो. मधे मुलगा, तो दोघींना "बरोबर आहे" म्हणून ऑफिसला जायचा.

कॅरीबॅगची पट्टी

तिथं उभं राहून पहिल्यांदा ठरवलं की घरातल्या कुणालाच "आता वास येतोय का?" असं विचारायचं नाही. नाक सरावतं. दहा मिनिटं त्याच वासात बसलं की मेंदू तो मोजायचं सोडून देतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याची तर आणखी वेगळी खोड आहे. तो अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण भरपूर झाला की नाकच बधिर करतो. म्हणून न कळणं म्हणजे नसणं नव्हे. सकाळी दूध घालायला येणाऱ्या पोराला मी पंच नेमलं. तीन दिवस रोज सहाला यायचं, दार उघडून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं. त्यानं चोख काम केलं. पहिल्या दिवशी फक्त "आई गं" म्हणाला.

मग फॅन चालू केला, दार लावलं, साडी फटीत होती तशीच ठेवली आणि बसून जाळीशी गेलो. जाळी निम्मी पिंपाखाली दबलेली. पातळ कॅरीबॅगची बोटभर रुंदीची पट्टी कापून जाळीवर धरली. उदबत्तीचा धूर बघणारे लोक आहेत, मी गटाराच्या तोंडाशी विस्तव नेत नाही, त्या वायूत मिथेनही असतो.

पट्टी वर उडाली. नुसती हलली नाही, कारंज्यावर धरल्यासारखी ताठ उभी राहिली. फॅन बंद केला, पट्टी मलूल होऊन आडवी. पुन्हा चालू, पुन्हा उभी.

तिथंच माझं पाप मला दिसलं. फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो. फेकलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे. खिडकी नाही, दाराच्या फटीत साडी. मग उरली ती एकच वाट, जाळीखालचा पाइप. मी वास घालवायला यंत्र दिलं नव्हतं, चेंबरमधली हवा घरात ओढायचा पंप दिला होता.

पण पाइपातून हवा येतेच कशी? जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. वाटीसारखा भाग, त्यात दोन इंच पाणी कायम उभं. ते पाणी म्हणजेच झाकण, त्याला आम्ही वॉटर सील म्हणतो. सांडपाणी वरून आलं की खाली ढकललं जातं, पण खालचा वायू त्या दोन इंचातून वर येऊ शकत नाही. जाळी उचलून टॉर्च मारला. ट्रॅप ठणठणीत कोरडा. तळाला वाळलेल्या फेसाची पांढरी पापडी, एक मेलेलं झुरळ आणि केसांचा गोळा.

कोरडा का? कारण जाळीत पाणी पडायचंच बंद झालं होतं. सगळं पिंपात. खोली पुसायची ती ओल्या फडक्यानं. लातूरचा मे, बाहेर पारा चाळिशीपार, हवा कागदासारखी कोरडी. दोन इंच पाणी उडून जायला काय वेळ लागतो? आणि वरून माझा फॅन. पाण्याची बचत इतकी पक्की झाली की झाकणापुरतं पाणीही बचतीत गेलं.

पुढचं दुखणं बांधणाऱ्याचं. बाहेर चेंबर उघडून पाहिलं तर या खोलीची लाइन संडासाच्या लाइनीला थेट जोडलेली, आणि तिथून सेप्टिक टँकला. मोरीचं पाणी मैल्याच्या लाइनीला मिळायच्या आधी मधे गली ट्रॅप, वॉटर सीलचाच बाहेरचा ट्रॅप, पाहिजे, म्हणजे आतला ट्रॅप सुकला तरी बाहेर एक पहारेकरी उरतो. तो बसवलाच नव्हता. ज्या मिस्त्रीनं तो वाचवला त्याचे तेव्हा काही शे रुपये वाचले असतील.

त्या रात्री ट्रॅप साफ करून दोन तांबे पाणी ओतलं, पाण्यानं भरलेली कॅरीबॅग जाळीवर ठेवली, पिंप थोडं सरकवलं. सकाळी दूधवाला म्हणाला, "अंड्याचा गेला काका. पण आंबल्यासारखा येतोय."

दुसरा वास, तिसरा वास

एका खोलीत एकच वास असेल असं आपण धरून चालतो. इथं तीन होते, एकावर एक चढवलेले. मोठा खाली बसला तेव्हा मधला दिसला.

दुसऱ्या संध्याकाळी पिंप रिकामं करून अंगणात नेलं. तळ दिसला तेव्हा सूनबाई तोंडाला पदर लावून मागं सरकली. डांबरासारखा काळा, बोटानं ओढला तर तार सुटणारा गाळ. कपड्यातली माती, घाम, कातडीचा कोंडा, धाग्यांची कुसं आणि साबण हे सगळं पहिल्या धुण्याच्या पाण्यात असतं. बॅक्टेरियांना ती पंगतच. आधी ते पाण्यातला प्राणवायू संपवतात, तो संपला की त्याच्याशिवाय जगणाऱ्या जाती कामाला लागतात. धुण्याच्या स्वस्त पावडरीत वजन भरायला सोडियम सल्फेट घातलेलं असतं. यातल्या काही जाती त्याच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. म्हणजे अंड्याचा वास गटारातून तर येत होताच, थोडा पिंपातही शिजत होता. पिंप रोज भरायचं, रोज निम्मं उपसायचं. तळ मात्र दोन-तीन महिन्यांत एकदाही कोरडा झाला नव्हता.

तिसऱ्या सकाळी पंचाचा निकाल असा: "आता ओल्या टॉवेलसारखा."

हा मशीनचा आणि कपड्यांचा. इथं मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, मशीन उघडणं माझं काम नाही. त्यानं टबाच्या तळाची फिरती चकती, पल्सेटर, मधला एक स्क्रू काढून उचलली. वरून टब स्टीलचा, चकचकीत. चकतीच्या पाठीवर मात्र राखाडी, बुळबुळीत, शिळ्या पिठल्यासारखा थर, त्यात रुतलेली एक गुंडी, पोरीची हेअरक्लिप आणि दोन रुपयांचं नाणं. आक्कांनी नाणं धुऊन पदराला बांधलं.

हा थर कशाचा? उत्तर बोअरच्या पाण्यात आहे. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्याच्या फटींतून येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. आक्कांच्या बोअरचा आकडा मी काढला नाही, दुकानातला टीडीएस मीटर कठीणपणा दाखवत नाही, विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यापेक्षा बाटल्या बऱ्या. तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, एकीत नळाचं, एकीत फिल्टरचं. प्रत्येकीत अंगाच्या साबणाची नखभर किसणी, झाकण लावून वीस वेळा हलवलं. फिल्टरच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस. नळाच्या बाटलीत निम्मा. बोअरच्या बाटलीत फेस नाहीच, वर फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगत राहिले.

ते कण म्हणजे कॅल्शियमनं पकडलेला साबण. तो ना पाण्यात विरघळतो, ना वाहून जातो. पावडरीत शुद्ध साबण कमी असतो, तरी कठीण पाण्यात तिची ताकद कमी होते. मग बायका काय करतात? फेस दिसत नाही म्हणून दुप्पट घालतात. सूनबाई दोन मापं घालायची, वर सुवासिक कंडिशनरचं एक टोपण. तेवढं सगळं धुऊन निघायला पाणी लागतं, आणि पाणी वाचवायचं म्हणून एक खंगाळणी बंद केलेली. उरलेला साबण, कंडिशनरचा स्निग्ध अंश आणि क्षार पल्सेटरमागं जाऊन बसले. तिथं ना ऊन, ना वारा.

कपड्यांचा कुबट वास मात्र निव्वळ मशीनमुळं नव्हता. वीज रात्री भरवशाची असते म्हणून मशीन अकराला लावायचं आणि कपडे सकाळी सहाला काढायचे. सात तास बंद टबात ओला गठ्ठा. २०१२ मध्ये जपानच्या संशोधकांनी ओल्या कपड्यांच्या या विशिष्ट वासामागं मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू दाखवून दिला. तो वाळल्यावरही कापडात टिकून राहतो, आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. धुऊन वाळलेला टॉवेल अंग पुसता पुसता घाण वास का मारतो, याचं उत्तर त्यात आहे. टॉवेल मळलेला नसतो, त्यात मुक्कामाला असलेला जंतू पाणी मिळाल्यावर जागा होतो.

काय केलं

पिंप फेकलं नाही. हे आधीच सांगतो, कारण सूनबाईला माझ्याकडून तेच ऐकायचं होतं. पाणी साठवणं हा दोष नव्हताच. सगळं पाणी एकाच मापानं साठवणं, आणि तेही झाकलेल्या खोलीत, हा दोष होता.

मशीनच्या मागं भिंतीला दोन हुक मारले. एक जाळीच्या वर, एक झरोक्याच्या उंचीला. सांडपाण्याचा पाइप पहिल्या हुकावर असला की पाणी जाळीत, दुसऱ्यावर असला की भिंतीत पाडलेल्या भोकातून अंगणातल्या पिंपात. पहिलं धुणं, साबणाचं काळं पाणी, जाळीत. रोज दहा-पंधरा लिटर तिथून गेलं की ट्रॅप कधी सुकायचाच नाही. खंगाळणीचं पाणी, तुलनेनं स्वच्छ, पिंपात. व्हॉल्व्ह बसवून हे जास्त रुबाबदार करता आलं असतं, पण दोन व्हॉल्व्ह चुकून एकाच वेळी बंद राहिले तर मशीनचा पंप गुदमरतो. हुकाला काही होत नाही. पाइप हलवायचं काम आक्कांनी स्वतःकडं घेतलं. मशीनचा आवाज बदलला की त्या स्वयंपाकघरातून उठतात. पाइपाचं तोंड मात्र जाळीत खुपसून कडेनं बंद करायचं नाही, मोकळं ठेवायचं, नाहीतर पाणी ओढीनं मागं-पुढं होतं आणि ट्रॅपमधलं सीलही ओढून नेतं.

पिंपाच्या बुडाशी नळ बसवला. नियम एकच ठरवला, आजचं पाणी आज संपवायचं. रविवारी पिंप घासून उलटं करून उन्हात.

जाळीखाली सिलिकॉनच्या पडद्याची, दुकानात जिला कॉकरोच जाळी म्हणतात ती, लावा असं बरेच सुचवतात. मी ती विकतो. पण धुण्याच्या पाण्यात कुसं इतकी असतात की पडदा आठ दिवसांत अर्धवट उघडा अडकतो. संडास-बाथरूमला ठीक, इथं पाण्याचं सीलच खरं.

फॅन ठेवला. फक्त दाराच्या खालची साडी काढली आणि सुताराकडून दार पाऊण इंच कापून घेतलं. आता पट्टी जाळीवर धरली तर पडून राहते, दाराच्या फटीशी धरली तर आत वळते. खर्च म्हणावा तर सुताराची मजुरी आणि दोन हुक.

मशीनची सफाई दोन वेगवेगळ्या दिवशी केली, आणि ते मुद्दाम. पहिल्या दिवशी गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी, मशीनच्या पुस्तिकेत मुभा होती तेवढंच गरम, टब भरून घेतलं. त्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं तेच. दहा मिनिटं फिरवून तासभर तसंच ठेवलं, मग सोडलं. क्षारांचा थर आम्लानं सुटतो. मग दोनदा नुसत्या पाण्यानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाण्यात धुण्याचा सोडा, तो चिकट, स्निग्ध भाग काढतो.

दोन्ही एकत्र का नाही? इंटरनेटवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतून फसफस दाखवणारे व्हिडिओ सूनबाईनं मला दाखवले. फसफस बघायला छान आहे. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, आणि टबात उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्यापेक्षा गंभीर गोष्ट ब्लीचची. ब्लीचिंगचं पाणी आणि लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. साडेचार बाय सातच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. त्या घरातलं ब्लीच मी खोलीतून उचलून वरच्या मजल्यावर ठेवायला लावलं, हात पोचणार नाही अशा जागी.

पावडरीचं माप एकावर आणलं. कठीण पाण्याला थोडी जास्त लागते हे खरं, म्हणून नळाला पाणी येतं त्या दिवशी मोठं धुणं काढायचं ठरलं. पाऊस सुरू झाल्यावर आक्का पागोळ्यांखाली घमेली ठेवायला लागल्या. त्या पाण्याची बाटली हलवून मला दाखवायला त्या दुकानात घेऊन आल्या, गळ्यापर्यंत फेस. कंडिशनर बंद. मशीन रात्री नाही, सकाळी आठला, आणि थांबलं की पंधरा मिनिटांत कपडे बाहेर. झाकण दिवसभर उघडं.

जुने टॉवेल आणि दुपटी वेगळी काढली. ती आक्कांनी पितळी घंगाळात कढत पाणी आणि सोडा घालून अर्धा तास भिजवली. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी परीट असंच भट्टीला लावायचा." खरं आहे. भट्टीची वाफ, खार आणि नदीकाठच्या खडकावरचं ऊन, परटाच्या धंद्याला कुठलाच सुगंध लागत नव्हता.

पावसाळ्यात

जून कोरडा गेला तेव्हा सगळं सोपं होतं. खरी परीक्षा जुलैच्या झडीत झाली. बाहेर वाळत घालता येईना, खोलीतली तार पुन्हा भरली. मी एकदा हँगिंग काट्याला धुण्याची पिशवी अडकवून पाहिली. मशीनमधून निघालेले कपडे आणि वाळून घडी केलेले तेच कपडे, यात सव्वादोन किलोंचा फरक. एवढं पाणी त्या खोलीच्या हवेत जात होतं, भिंतीत मुरत होतं. दुसऱ्यांदा नुसतं पिळून काढायची फेरी दिली तेव्हा तोच फरक दीड किलोच्या आत आला. विजेचा खर्च किरकोळ, फायदा डोळ्यासमोर.

तार खोलीतून काढलीच. गच्चीवर पत्र्याखाली, कपड्यात चार बोटं अंतर ठेवून, खाली टेबलफॅन. आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा महिनाभर चिकटून बसत नाही, मधे उघडीप देतो. आक्कांचा उघडीप ओळखण्याचा हात पक्का आहे. ढग बघून त्या "आता दोन तास हायेत" म्हणतात आणि दोन तास निघतात. त्या दोन तासांत जे वाळतं त्याला वास नसतो.

एका गोष्टीत अजून यश नाही. पोरांचे शाळेचे गणवेश टेरिकॉटचे. पॉलिस्टरचा धागा पाणी सोडतो पण घामातलं तेल धरून ठेवतो, आणि त्या तेलाबरोबर वासही. गरम पाणी चालवता येत नाही, रंग जातो. सोड्यात भिजवून, उलटे करून, उन्हात टाकून तात्पुरतं भागतं, पण पावसाळ्यात दुपारच्या सुट्टीपर्यंत काखेत पुन्हा तेच. सुती गणवेश शाळा घेत नाही. गली ट्रॅपचंही राहिलंय. त्यासाठी अंगणाची फरशी फोडावी लागेल, आणि आक्का म्हणतात, आधी नातीचं बारसं होऊ द्या.

दिवाळीला सगळे बारा दिवस पुण्याला गेले. जाताना मी आक्कांना एक गोष्ट करायला सांगितली होती. ट्रॅप भरून त्यावर औषधाच्या दुकानातलं दोन चमचे लिक्विड पॅराफिन ओतायचं. तेलाचा तवंग पाण्यावर राहतो, पाणी उडत नाही. खायचं तेल नको, ते खवट होतं. परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी फोन.

"भाऊ, खोलीत काही न्हाई. नाक घालून बघितलं. जाळीत पाणी तसंच हाय."

"मग झालं की."

"झालं कुठलं. अंगणातलं पिंप उलटं करायचं राहिलं गाडीच्या घाईत. आत सगळे डासाचे किडे वळवळूलालेत. सूनबाई बघायच्या आत उपसते, मग करते फोन."